अंगावरची आखणी

वसुबारसेच्या दुपारी पेणला मामीच्या पडवीत वर्तमानपत्रे अंथरलेली होती आणि त्यांवर पाच पांढरे टी-शर्ट आडवे पडले होते. प्रत्येकाच्या पोटात पुठ्ठा घातलेला, बाह्या मागे दुमडून कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट धरलेल्या. रंगांच्या लहान बाटल्या एका जुन्या पोळपाटावर मांडल्या होत्या. मामी पाटावर बसली होती आणि तिच्या हातात शून्य नंबरचा ब्रश होता. आषाढ-श्रावणात ती याच ब्रशाने गणपतीचे डोळे आखते. समोर माझी सातवीतली भाची मांडी घालून बसली होती. तिने ब्रश रंगात बुडवला, वाटीच्या काठाला निथळला, पुन्हा बुडवला, पुन्हा निथळला. पण कापडाला काही टेकवला नाही.

"मामीआजी, चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं गं. हा देव नाही, कापड आहे. टेकव ब्रश."

मी हा लेख लिहायला घेतला तो या एका उत्तरामुळे. घरच्या घरी टी-शर्ट रंगवणे हा सुट्टीतला एक विरंगुळा म्हणून आपण पाहतो. मुले मोबाइलपासून दोन तास लांब राहतात, एवढ्यावर आईबाप समाधानी असतात. पेणसारख्या गावात मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. तो मला मामीच्या पडवीत कळला आणि पुढे रोह्याला आत्याच्या परसात पक्का झाला.

पेण आणि रंग यांचे नाते महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. गावात देवधर घराण्याचे नाव गणेशमूर्तींच्या कलेत पिढ्यान् पिढ्या आदराने घेतले जाते. गावाबाहेर हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर या पट्ट्यात तर घरटी कारखाना आहे असे वाटावे इतके गणपतीचे कारखाने आहेत. पनवेलहून गाडीने येताना जिते मागे पडले की हमरापूर येते आणि लगेच पेण. त्या दोन स्टेशनांच्या आजूबाजूला वर्षातले बहुतेक महिने कुठे ना कुठे मूर्ती वाळत असते. विसर्जनानंतर थोडी उसंत मिळते, तीही फार दिवसांची नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास साचे पुन्हा बाहेर निघतात. मुंबई-पुण्याच्या बाजारांत तर या मूर्ती जातातच, पण परदेशी जायच्या मूर्ती बोटीने निघतात म्हणून त्यांना गणपतीच्या कित्येक महिने आधी तयार व्हावे लागते.

कारखाना म्हटले की शहरातल्या माणसाला यंत्रे आठवतात. इथे कारखाना म्हणजे घराला लागून घातलेली पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये घरातलीच माणसे, शेजारपाजारच्या बायका, सुट्टीत आलेले भाचे-पुतणे. कच्ची मूर्ती साच्यातून निघते, सांधे बुजतात, घासकाम होते, मग पांढरा हात दिला जातो, मग अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, दागिन्यांचे सोनेरी काम. हल्ली अंगाचा रंग आणि शेडिंग बहुतेक ठिकाणी स्प्रे गनने होते. पण डोळे अजूनही हातानेच होतात. त्याला आखणी म्हणतात. पांढऱ्यावर बुबुळ, बुबुळात बारीकसा पांढरा ठिपका, वरच्या पापणीची एका श्वासात ओढलेली काळी रेघ, कोपऱ्यात किंचित लाली. जी मूर्ती इतका वेळ माती होती, ती या रेघेनंतर आपल्याकडे पाहू लागते. म्हणून आखणीचा माणूस कारखान्यात सगळ्यांत मानाचा. त्याची मजुरी वेगळी, त्याची जागा उजेडाची, आणि तो काम करत असताना कोणी त्याला हाक मारत नाही.

यात मुलांची जागा कुठे? मुले पाट पुसतात, रंगाच्या वाट्या धुतात, सुकलेली मूर्ती सावकाश उचलून ठेवतात. थोडी मोठी झाली की उंदराला, पाटाच्या पट्टीला रंग देतात. डोळ्यांपर्यंत पोचायला वर्षे जातात, आणि कित्येक जण पोचतच नाहीत. त्याचे कारण उघड आहे. मूर्ती गिऱ्हाइकाची असते, ती देव होणार असते, आणि चुकलेल्या डोळ्याला क्षमा नसते. चूक करायला जिथे जागा नाही, तिथे शिकायलाही जागा कमी पडते. मामी स्वतः आखणी शिकली ती फुटक्या मूर्तींवर. तिच्या सासऱ्यांनी सांध्यातून गेलेल्या चार मूर्ती बाजूला काढून ठेवल्या होत्या. रात्री जेवणे आटोपली की ती कंदिलाशी बसून त्यांचे डोळे आखायची आणि ओल्या फडक्याने पुसून पुन्हा आखायची.

आता तिच्या नातवंडांच्या पिढीला ती फुटकी मूर्ती कुठली? म्हणून तिने टी-शर्ट निवडले. आणि निवडताना एक नियमही घातला, तो मला फार आवडला. टी-शर्टवर देवाचे डोळे काढायचे नाहीत. कपडा घामेजतो, बालदीत पडतो, धुण्याच्या दगडावर आपटला जातो. "देव दगडावर आपटायचा का?" ती म्हणाली. "डोळे काढायचेत ना? माशाचे काढ, मोराचे काढ. डोळा कुणाचाही असो, रेघ तीच."

भाचीने मासा घेतला. पेणच्या खारेपाटात मासा म्हणजे जिताडा. लग्नात जिताडा, पाहुण्याला जिताडा, तळ्यातला जिताडा कुणाचा किती मोठा यावर गावकीत चर्चा. शेजारच्यांच्या तळ्यात तिने तो सकाळीच पाहिला होता. पाठ फुगीर, तोंड पुढे काढलेले, डोळ्यात तांबूस सोनेरी चमक. तिची पहिली रेघ थरथरली, दुसरी जाड झाली. तिसऱ्या रेघेला मामीने तिच्या मनगटाखाली आपला डावा हात ठेवला आणि म्हणाली, "बोटं हलवू नकोस, मनगट हलव. रेघ ओढताना श्वास धर." डोळा जमला. शंभर टक्के जमला असे म्हणणार नाही, पण मासा आमच्याकडे पाहू लागला एवढे खरे.

घरात बसून, घरातल्या मुलांना हाताशी घेऊन करण्याच्या कलेची या तालुक्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट मूर्तींच्या शेडमधली नाही. ती गागोद्याची आहे. पेण तालुक्यातल्या या छोट्या गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म झाला आणि साधारण दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे बालपण तिथेच गेले. त्यांचे आजोबा शंभुराव गणेशोत्सवात मूर्ती विकत आणत नसत. घरातली मुले सहाणेवर चंदन उगाळायची, आणि त्या उगाळलेल्या गंधाचा गणपती आजोबा घरी घडवायचे. त्याची पूजा व्हायची आणि मग तो पाण्यात सोडला जायचा. जी मूर्ती आपल्याच हातांनी केली तीच पुन्हा सोडून द्यायची, हे विनोबांच्या मनात त्या वयात पेरले गेले. त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. किती चंदन लागत असेल, मुलांचे हात किती दुखत असतील, याचा मी विचार करते तेव्हा मला त्या घराचा हेवा वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तींसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस नको असे सांगितले आणि त्यावर पेणमध्ये अजूनही वाद आहेत, कारण हजारो पोटे त्यावर आहेत. त्या वादात मला शिरायचे नाही. पण गंधाचा गणपती याच तालुक्यात, सव्वाशे वर्षांपूर्वी, मुलांच्या मदतीने होत होता, हे पेणच्या प्रत्येक शाळेत सांगितले गेले पाहिजे.

विनोबांच्या घरात रंगही होता. वडील नरहरराव बडोद्याला गेले ते कापड आणि रंगकाम या क्षेत्रातल्या कामासाठी. मुलगा पुढे टकळी आणि चरख्याकडे वळला आणि काही काळ आपल्या कताईच्या मजुरीवर जगून दाखवण्याचा प्रयोग त्याने केला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवण्याचा नई तालीमचा विचार देशासमोर आला, तेव्हा त्या चर्चेत विनोबाही होते. आमच्या शाळेत 'कार्यानुभव' नावाचा तास असायचा तो याच विचाराचा दूरचा नातू. बटाट्याचे ठसे, रुमालावरची बांधणी, काथ्याचे पायपुसणे. तो तास बहुतेक वेळा गणिताच्या बाई घेऊन टाकत. आम्हाला त्याचे वाईट वाटे आणि आजही वाटते.

आता थोडे कापडाविषयी, कारण घरोघरी हा खेळ इथेच फसतो. माझाही फसला. दोन वर्षांपूर्वी ठाण्यात एका दुकानातून मी सहा पांढरे टी-शर्ट आणले. शंभर टक्के सुती म्हणून घेतले. मुलांनी दिवसभर बसून रंगवले, इस्त्री झाली, सगळे नीट. पहिल्याच धुण्यात रंग साली सुटाव्यात तसा निघून आला आणि धाकटा अर्धा तास बाथरूमच्या दारात रडत उभा राहिला. कापड सुती नव्हते. तेव्हापासून मी शिवणीच्या आतून दोन धागे ओढते, बशीत धरते आणि काडी लावते. सूत जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतो, काळा धूर सोडतो आणि त्याचा टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडे थोडे दिसते. ही परीक्षा मोठ्यांनी, पाणी जवळ ठेवून करायची. पण मुलांना ती दाखवायची जरूर, कारण आपण अंगावर काय घालतो हे त्यांना एवढ्या स्पष्टपणे दुसरे कोणी सांगणार नाही.

टी-शर्टचे कापड विणलेले असते, पण साडीसारखे उभ्या-आडव्या धाग्यांचे नव्हे. स्वेटरसारखे फासात फास अडकवत गेलेले. आपल्याकडे त्याला होजिअरी म्हणतात आणि देशातला मोठा माल तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो. टी-शर्ट मूळचा अमेरिकी नौदलाच्या गणवेशाखालचा बनियन, गेल्या शतकाच्या सुरुवातीचा. फासांचे कापड असल्यामुळे ते ताणले जाते आणि रंग मात्र ताणला जात नाही. म्हणून जाड थर दिला की छातीवर भेगा पडतात. पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. पुठ्ठा आत घालायचा तो दोन कारणांनी. कापड किंचित ताणून राहते, आणि पुढचा रंग पाठीला लागत नाही. नव्या कापडाला खळ असते, ती रंग आत शिरू देत नाही. म्हणून टी-शर्ट आधी साध्या साबणाने धुऊन वाळवायचा आणि धुताना कपडे मऊ करणारे ते सुगंधी द्रव्य मुळीच वापरायचे नाही. मामीला यातले काही सांगावे लागले नाही. मूर्तीवर धूळ असली की रंग धरत नाही, हे तिला चाळीस वर्षे माहीत आहे. "आधी अंग स्वच्छ, मग रंग," ती म्हणाली.

बाटलीतला फॅब्रिक कलर म्हणजे काय, हेही मुलांना सांगितले तर त्यांना गंमत वाटते. त्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांना धाग्याला चिकटवून ठेवणारे ॲक्रिलिकचे चिकट द्रव्य असते. पाणी उडाले की त्या द्रव्याचा एकजीव, पातळ पापुद्रा होतो. पण तो पुरता पक्का व्हायला उष्णता लागते. म्हणून रंगवलेला टी-शर्ट एक दिवस वाळवायचा, मग उलटा करून, वर सुती फडके टाकून, वाफ बंद ठेवून प्रत्येक भागावर काही मिनिटे इस्त्री फिरवायची. पुढे दोन-तीन दिवस धुवायचा नाही. नंतर नेहमी उलटा धुवायचा, सावलीत वाळवायचा. घरच्या टी-शर्टचे आयुष्य चित्रावर कमी आणि या इस्त्रीवर जास्त अवलंबून असते. आमच्याकडे इस्त्री मामांकडे गेली. त्यांनी आयुष्यभर भाताची खाचरे आणि मिठागर पाहिले, रंगाला कधी हात लावला नाही. पण त्यांनी पाचही टी-शर्ट घड्याळ लावून इस्त्री केले आणि कुणाला हात लावू दिला नाही.

मराठी घरातल्या रंगाच्या बाटलीवर बहुधा उंट असतो. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या भावाबरोबर १९३१ मध्ये मुंबईत शाईचा व्यवसाय सुरू केला, त्यातून कॅमलिन उभी राहिली. आज तिचा एक कारखाना रायगडातच पाताळगंगेला आहे. १९८०-९० च्या दशकांत कोकणातल्या कितीतरी घरांत याच बाटल्यांनी उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ आणि साड्यांचे पदर रंगले. कार्बन पेपर ठेवून नक्षी उतरवायची, दुपारी दोन ते चार रंगवायचे. माझ्या आईची एक मोरपंखी नक्षीची साडी अजून आमच्या कपाटात आहे. ती पिढी टी-शर्ट रंगवत नव्हती, एवढाच फरक.

भाऊबीज झाली आणि आम्ही रोह्याला आत्याकडे निघालो. पेण ते रोहा साधारण चाळीस किलोमीटर. गाडीने कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्याला आहे. तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रस्त्याने आलात तर वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड. मुलांनी पेणचे टी-शर्ट अंगात घातले होते आणि डब्यातल्या एका कोळणीने भाचीला विचारले, "जिताडा कुणी काढला गं?" ती उत्तर देताना केवढी ताठ बसली होती!

रोह्याचा रंगाशी संबंध वेगळा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि रंगद्रव्यांचा एक फार मोठा कारखाना आहे, सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीजचा. पुण्यात १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीने मार्च २०२५ मध्ये जर्मनीतल्या ह्यूबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसाय आपल्याकडे घेतला. भिंतीचे रंग, छपाईची शाई, प्लास्टिक, कापडावरची छपाई, सगळ्याला ही द्रव्ये लागतात. आत्याचे यजमान, आमचे काका, याच वसाहतीतून निवृत्त झाले. मुलांनी टी-शर्ट दाखवले तेव्हा त्यांनी बाहीवरचा निळा रंग बोटाने चाचपून पाहिला आणि अंगणात बाजेवर बसून त्या निळ्याची गोष्ट सांगितली. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात भांड्याच्या आतला चिनी मुलामा तडकला होता. पांढरे रसायन करायचे होते, ते उघड्या पडलेल्या लोखंडाला लागले आणि त्यात निळसर कचरा दिसू लागला. कुणीतरी तो फेकून न देता तपासला. पुढे लोखंडाऐवजी तांबे घालून तोच रंग केला आणि १९३५ मध्ये तो बाजारात आला. थॅलोसायनिन निळा. उन्हाने विटत नाही, पाण्यात विरघळत नाही. जगभरच्या शाईत आणि रंगात आज तो आहे.

"म्हणजे चुकून झाला?" भाचीने विचारले. काका म्हणाले, "चुकून झाला, पण बघणाऱ्याने नीट बघितलं." ती माझ्याकडे पाहून हसली. पेणच्या पडवीतला प्रश्न तिला आठवला असावा.

काकांनी दुसरी गोष्ट समजावली ती रंजक आणि रंगद्रव्य यांतल्या फरकाची. रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर बसते आणि चिकटवणाऱ्या द्रव्यामुळे टिकते. रंजक विरघळतो आणि धाग्याच्या आत जातो. १९५६ पासून सुतासाठी असे रंजक मिळू लागले की जे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात सुताशी रासायनिक बंधच जोडतात. ते पुन्हा सोडवता येत नाहीत. आत्याने दुसऱ्या दिवशी परसात बांधणी घेतली ती याच रंगांची. टी-शर्ट ओला करून मधोमध चिमटीत धरायचा, फिरवत चकली करायची, रबरबँड आवळायचे, आधी सोड्याच्या पाण्यात भिजवायचा आणि मग बाटलीने रंग घालायचा. हातांत रबरी मोजे, तोंडाला फडके, पूड कालवताना मुले लांब. रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून सकाळी धुतला की सुटलेल्या चकलीतून चक्र उमटते. बांधून रंगवण्याची ही कला नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रांतल्या वस्त्रांवर ठिपक्यांच्या ओळी आहेत, त्या पाहिल्या की बांधणीच आठवते.

पण मुलांना सगळ्यांत आवडली ती हळद. आत्याने एक जुना टी-शर्ट हळदीच्या उकळत्या पाण्यात बुडवला आणि पिवळा धम्मक काढला. मग तिने मुलांच्या हातांत कपडे धुण्याच्या साबणाची ओली वडी दिली. साबण जिथे लागला तिथे पिवळ्यावर लाल रेघा उमटल्या. पोरे ओरडलीच. लिंबू पिळले की लाल पुन्हा पिवळे. हळदीचा रंग उन्हात उडतो, टिकत नाही, हे आत्याने आधीच सांगितले होते. तरी त्या टी-शर्टने त्यांना आम्ल आणि अल्कली जितके शिकवले तितके शाळेतल्या लिटमस कागदाने शिकवले नव्हते. रंगाचे उरलेले पाणी आत्याने गटारात सोडू दिले नाही. कुंडलिकेच्या पाण्याबद्दल रोहेकर वर्षानुवर्षे तक्रार करत आलेत, आणि ज्याने नदीबद्दल बोलायचे त्याच्या बालदीपासून सुरुवात झाली पाहिजे, असे तिचे म्हणणे. बांधणीला तिने मोजून रंग कालवला होता, त्यामुळे ओतून द्यायला फारसे उरलेच नाही. फॅब्रिक कलरचे ब्रश तिने आधी कागदाला पुसले, मगच पाण्यात घातले.

हीच कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी चौल आहे. पोर्तुगिजांच्या काळात चौलचे रेशीम जगभर नावाजलेले होते. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा चौलच्या विणकरांना तिकडे नेऊन बसवले. आज चौलमध्ये नारळी-पोफळीच्या बागा आणि पडके कोट आहेत, माग नाहीत. कसब असलेली माणसे उठून गेली की गावाचे काय होते, ते पाहायचे असेल तर रोह्याहून चौलला जावे. पेणच्या आखणीबद्दल मला काळजी वाटते ती यामुळे. मूर्ती विकल्या जातील, मागणी आहे. पण डोळा आखणारा हात पुढच्या पिढीत किती घरांत उरेल? शिकलेल्या मुलांना शेडमध्ये बसायचे नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. दिवसभर वाकून बसण्याची मजुरी किती मिळते ते मी पाहिले आहे.

सणाच्या दिवसांत टी-शर्टांना तोटा नसतो. गोविंदा पथकाचे, मंडळाचे, पालखीचे. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात, आणि गर्दीत एकसारखे टी-शर्ट घातलेली मुले दिसतात. पाठीवर मंडळाचे नाव, छातीवर देणगीदाराचे. ते छापखान्यातून येतात आणि त्यात एकोप्याचा आनंद असतो, तो मी नाकारत नाही. पण तो टी-शर्ट घालणाऱ्याला कुणी विचारलेले नसते की तुला छातीवर काय हवे. घरच्या टी-शर्टमध्ये हाच प्रश्न पहिला येतो आणि तो मुलांना अवघड जातो. आमच्या घरात पाच जणांनी पाच उत्तरे दिली. भाचीने जिताडा काढला, तिच्या भावाने हमरापूर स्टेशनची पाटी. मामीच्या सुनेने भेंडी आडवी कापून तिचे पाच कोनांचे ठसे उठवले, हिरव्या आणि लालबुंद रंगात, गळ्याभोवती हार घातल्यासारखे. मी आईच्या साडीवरचा मोर कार्बन पेपरने उतरवला. आणि मामांनी, सगळे झाल्यावर, कुणी न विचारता आपला उजवा पंजा निळ्या रंगात बुडवला आणि पाचव्या टी-शर्टवर छातीच्या डाव्या बाजूला दाबून धरला. खाचरात राबलेल्या हाताच्या भेगा जशाच्या तशा उमटल्या. त्यावर पुढे कुणी काही काढायचे नाही, असे तिथेच ठरले.

मी मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांतली टी-शर्ट रंगवण्याची शिबिरे पाहिली आहेत. तिथे बहुतेकदा स्टेन्सिल तयार असते, मुलांनी फक्त आतला भाग भरायचा. वेळ बरा जातो, पण घरचे काही त्यात येत नाही. रंगवण्याआधी आजी-आजोबांना विचारणे, कपाटातली जुनी नक्षी शोधणे, तळ्यावर जाऊन मासा पाहणे, यातच या कामाचा निम्म्याहून जास्त ऐवज आहे. शेवटी टी-शर्ट थोडा बिघडला तरी हरकत नाही. ज्या घरात कुणालाच चित्र येत नाही तिथे हात उमटवावेत, पाने उमटवावीत. पिंपळाचे पान उलट्या बाजूने रंगवून दाबले तर शिरा इतक्या सुंदर उठतात की चित्रकाराची गरज पडू नये.

आता पेणच्या कारखानदारांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत साचे पुन्हा लावण्याआधी एक दिवस काढा. शेड झाडून घ्या, पाट मांडा आणि गावातल्या मुलांना बोलवा. त्यांनी घरून एक पांढरा सुती टी-शर्ट धुऊन आणावा. तुम्ही त्यांना तुमचे झिजलेले ब्रश द्या आणि आखणीचा एक माणूस त्यांच्याजवळ बसवा. देवाचे डोळे नकोत, माशाचे काढू द्या, मोराचे काढू द्या. मामी म्हणाली आहे की या वर्षी पाडव्याला तिची पडवी मोकळी असेल आणि ज्याला यायचे त्याने यावे.